शेजाऱ्याच्या कर्जाला जामीन : फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन

ऑगस्ट-सप्टेंबर आला की आमच्या संपादकीय विभागात पतसंस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांच्या सूचनांची रीघ लागते. ताळेबंदास मंजुरी देणे, लाभांश जाहीर करणे, थकबाकीदारांवरील कारवाईची नोंद घेणे, आयत्या वेळी येणाऱ्या विषयांवर विचार करणे. मजकूर वर्षानुवर्षे तोच. उपसंपादकाने तारीख, वेळ आणि स्थळ तपासावे व सूचना पुढे सरकवावी, एवढेच अपेक्षित असते. मीही कित्येक वर्षे तेवढेच केले. सभासद, जामीनदार, राखीव निधी या रुक्ष शब्दांच्या मागे ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातील एका अर्धआंधळ्या, धर्मशील सरकारी अधिकाऱ्याचे आयुष्य उभे आहे, हे फार उशिरा कळले. त्यांचे नाव फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन. वरच्या यादीतला लाभांश हा शब्द मात्र त्यांना अखेरपर्यंत रुचला नाही.

रायफायझेन यांचा जन्म ३० मार्च १८१८ रोजी झीग नदीकाठच्या हाम या लहानशा गावी झाला. हा वेस्टरवाल्डचा डोंगराळ प्रदेश. जमीन हलकी, थंडी कडक, आणि वाटण्या होत होत शेताचे तुकडे पडलेले. नऊ भावंडांत ते सातवे. वडील शेती करीत आणि काही काळ गावाचे प्रमुखही होते. परंतु त्यांचे पद गेले, प्रकृतीही ढासळली, आणि घराचा भार आईवर आला. आई अतिशय श्रद्धाळू प्रॉटेस्टंट ख्रिस्ती होती. पुढील शिक्षणासाठी मुलाला शहरात पाठवण्याची ऐपत नव्हती. गावचे पाद्री झायपेल यांनी त्याला शिकवले तेवढेच शिक्षण. सतराव्या वर्षी तो प्रशियाच्या तोफखान्यात भरती झाला. कोलोन, कोब्लेंझ असा नोकरीचा प्रवास चालू असताना डोळ्यांचा विकार जडला आणि १८४३ मध्ये सैन्य सोडावे लागले. दृष्टीने दिलेला हा पहिला दगा. तो पुढे आयुष्यभर पुरला.

मुलकी खात्यात थोडी उमेदवारी केल्यावर १८४५ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ते वायरबुश येथे बर्गरमायस्टर झाले. या शब्दाचे भाषांतर महापौर असे केले तर चित्र चुकते. वीस-बावीस खेड्यांचा तो कारभारी. नेमणूक सरकारची, पण राहणे खेडुतांच्या मध्ये. आपल्याकडील मामलेदार आणि सरपंच यांच्या मधली काहीतरी जागा म्हणावी. त्याच वर्षी एमिली श्टोर्क यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पुढच्याच वर्षी युरोपभर बटाट्यावर रोग आणि धान्याची नापिकी असे दुहेरी संकट आले. १८४६-४७ चा तो हिवाळा जर्मन इतिहासात उपासमारीचा म्हणून नोंदला गेला आहे. सरकारी कोठारातून धान्य-पीठ येणार होते, पण रोख पैसे मोजणाऱ्यालाच ते द्यावे असा हुकूम होता. ज्याच्याजवळ रोख पैसे आहेत त्याची उपासमार होत नसते, ही साधी गोष्ट हुकूम काढणाऱ्याच्या ध्यानात आली नसावी. रायफायझेन यांनी तो हुकूम बाजूला ठेवला आणि पीठ उधारीवर वाटले. मग गावातील सुस्थितीतील मंडळींना गोळा करून एक भाकरी-मंडळ स्थापले. त्यांच्या पैशातून धान्य खरेदी झाले, गावाची सामाईक भट्टी बांधली गेली, आणि बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी दरात, तेही नंतर फेडण्याच्या बोलीवर, पाव मिळू लागला. पीक आल्यावर लोकांनी पैसे फेडले. दान आणि उधार यांत माणसाच्या दृष्टीने किती अंतर असते, हे त्या तरुण अधिकाऱ्याने येथे प्रथम पाहिले. दान घेणाऱ्याची मान खाली जाते. उधार घेणाऱ्यावर आपण विश्वास टाकलेला असतो.

१८४८ मध्ये त्यांची बदली फ्लामर्सफेल्ड येथे झाली. तेथे भूक नव्हती, कर्ज होते. कर्जाचा एक प्रकार तर मुद्दाम समजून घेण्याजोगा आहे. शेतकऱ्याजवळ गाय घ्यायला पैसे नसत. व्यापारी आपली गाय त्याच्या गोठ्यात बांधून जाई. चारा, निगा, राबणूक शेतकऱ्याची. गाय मात्र व्यापाऱ्याचीच. वासरू झाले की त्याचा मोठा वाटा व्यापारी नेई, गाय अंगाने भरली की ती विकून टाकी आणि तिच्या जागी दुसरी रोडकी आणून बांधी. आपल्याकडे वाट्याने जनावर देण्याची जी चाल आहे तिचेच हे पिळवणुकीचे रूप. शेतकऱ्याच्या वहीत देणे वाढत जाई आणि एके दिवशी शेतच जाई.

रायफायझेन यांनी १८४९ मध्ये सुमारे साठ सधन गृहस्थांना एकत्र आणून साहाय्यक मंडळ काढले. मंडळाने जनावरे विकत घ्यावीत, गरजू शेतकऱ्याला द्यावीत, आणि त्याने पाच वर्षांच्या हप्त्यांनी किंमत फेडावी, अशी ही व्यवस्था. पैसा उभा करण्यासाठी शहरातील भांडवलदारांकडे जावे लागले. खेड्यातल्या गरिबांसाठी पैसे मागणाऱ्या मंडळावर त्यांनी विश्वास का ठेवावा? म्हणून त्या साठ जणांनी आपली सगळी मालमत्ता पणाला लावून संयुक्त जामीनकी पत्करली. मंडळ बुडाले तर कोणाचेही घरदार लिलावात निघू शकले असते.

आपल्या समाजात जामीन राहण्याविषयी जी धास्ती आहे ती उगाच नाही. माझ्या काकांनी एका सहकाऱ्याला जामीन राहून अडीच वर्षे पगारातून कपात सोसली. घरात तो विषय अजूनही दबक्या आवाजात निघतो. त्यामुळे त्या साठ जणांची सही मला सोपी वाटत नाही.

या धैर्याचे मूळ रायफायझेन यांच्या धर्मभावनेत होते. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचे वर्णन आहे. भुकेल्याला अन्न दिले की नाही, परक्याला घरात घेतले की नाही, यावरून माणसाची पारख होते, असा त्याचा आशय. रायफायझेन यांच्या सगळ्या विचाराला हा अध्याय पायाभूत होता. ज्याच्याजवळ मालमत्ता आहे त्याने ती शेजाऱ्याच्या कामी लावणे ही त्यांच्या मते केवळ भूतदया नव्हती, ते देणे होते. येथवर त्यांची श्रद्धा आणि त्यांचा व्यवहार यांत काही ताण नव्हता. ताण निर्माण झाला तो हेडेसडॉर्फला.

नॉयवीड शहराला लागून असलेल्या हेडेसडॉर्फचा कारभार त्यांच्याकडे १८५२ मध्ये आला. दोन वर्षांनी तेथे त्यांनी एक परोपकारी मंडळ स्थापन केले. अनाथ व दुर्लक्षित मुलांचे संगोपन, तुरुंगातून सुटलेल्यांना काम, ग्रंथालय, गरीब शेतकऱ्यांना कर्ज. ख्रिस्ती सेवेची जणू सगळी यादीच त्यांनी एका मंडळाच्या उद्दिष्टांत लिहून टाकली. आरंभी उत्साह होता. मग एकेक कलम गळू लागले. सधन सभासदांना कंटाळा आला. मदत घेणाऱ्यांना मंडळ आपले वाटेना, कारण ते त्यांचे नव्हतेच. ते फक्त लाभार्थी होते. अखेरीस कर्जाचे कामच तेवढे उरले, आणि तेही ओढत-ओढत.

याच सुमारास सॅक्सनी प्रांतातील न्यायाधीश आणि उदारमतवादी राजकारणी हेरमान शुल्झे-डेलिच शहरी कारागिरांसाठी पतसंस्था उभारत होते. त्यांचे सूत्र स्वावलंबनाचे होते: ज्याला कर्ज हवे त्याने भाग घ्यावा, सभासद व्हावे, जबाबदारी उचलावी, दुसऱ्याच्या परोपकारावर संस्था चालत नाही. दोघांत पत्रव्यवहार झाला. रायफायझेन यांना हे सहजासहजी पटले नाही. बारा-चौदा वर्षे त्यांनी जे उभे केले त्याचा पाया श्रीमंताच्या शेजारप्रेमावर होता. तो पाया टिकाऊ नाही, हे मान्य करणे म्हणजे त्यांच्या दृष्टीने माणसांच्या श्रद्धेविषयीच हार पत्करणे होते. पण हिशेबाच्या वह्या समोर होत्या. १८६२ मध्ये जवळच्या आनहाउझेन गावी कर्जदार स्वतःच सभासद असलेली संस्था निघाली, आणि १८६४ मध्ये हेडेसडॉर्फच्या परोपकारी मंडळाच्या जागी कर्ज-मंडळ आले. माझ्या मते त्यांच्या चरित्रातला सर्वांत मोठा क्षण हाच.

मात्र त्यांनी श्रद्धा सोडली नाही; तिची जागा बदलली. पूर्वी श्रीमंत गरिबाला जामीन राहत होता, आता गरीब गरिबाला जामीन राहू लागला. शेजारप्रेम प्रवचनातून उतरून कर्जखतावर आले.

या नव्या संस्थेची घडण तपशिलाने पाहिली पाहिजे, कारण प्रत्येक नियमामागे अनुभव आहे. संस्थेचे क्षेत्र एका गावापुरते, किंवा एका चर्चच्या पंचक्रोशीपुरते. कोण कष्टाळू आहे, कोण पितो, कोणाची बायको घर सावरते, हे सगळ्यांना ठाऊक असावे, इतके ते लहान. सभासदांची जबाबदारी अमर्यादित. संस्थेच्या देण्यासाठी प्रत्येकाची सर्व मालमत्ता बांधलेली. ज्याच्याजवळ तारण ठेवायला काही नाही अशा शंभर माणसांची एकत्रित हमी मात्र शहरातील ठेवीदाराला चालते, हे त्यातले व्यावहारिक मर्म. कर्ज सभासदालाच, ठरलेल्या कामासाठीच आणि जामीनदार घेऊन. मुदत मात्र शेतीच्या चालीने, काही वर्षांची. कारण गाय किंवा पडीक जमीन तीन महिन्यांत पैसे फेडत नाही. पैसे भलतीकडे खर्च झाले तर चार आठवड्यांच्या सूचनेने कर्ज परत मागण्याचा अधिकार संस्थेला असे. संचालक बिनपगारी, हिशेबनिसाला तेवढा मेहनताना. नफा वाटायचा नाही. तो राखीव निधीत जाईल, आणि संस्था बंद पडली तरी तो निधी सभासदांनी वाटून घ्यायचा नाही.

गोव्यातील वाचकाला येथे गावकरीची आठवण होईल. सामाईक मालकी आणि गावापुरती मर्यादा हे साम्य आहेच. परंतु गावकरीतला हक्क जन्माने येतो, तर येथे तो शेजाऱ्यासाठी सही केल्याने येत होता.

हे सारे घडत असताना घरात काय चालले होते? सात अपत्यांपैकी तीन लहानपणीच गेली. १८६३ मध्ये पत्नी एमिलीचा मृत्यू झाला. पाठोपाठ स्वतः रायफायझेन ज्वराने अंथरुणाला खिळले आणि आधीच अधू असलेली दृष्टी आणखी मंदावली. १८६५ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, सरकारने त्यांना निवृत्त केले. निवृत्तिवेतन तुटपुंजे. इतरांच्या कर्जाची सोय लावणाऱ्या या माणसाला संसारासाठी आधी सिगारचा लहानसा कारखाना काढावा लागला, तो चालेना म्हणून मग वाइनचा व्यापार सुरू करावा लागला. पुढची वर्षे त्याच धंद्यावर घर चालले.

थोरली मुलगी अमाली त्यांचे डोळे झाली. १८६६ मध्ये ग्रामीण जनतेच्या दैन्यावर उपाय म्हणून कर्ज-मंडळांचा पुरस्कार करणारे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते सांगत आणि अमाली लिहून घेई. नंतरचा सारा पत्रव्यवहारही तिच्याच हातून होई. तिने लग्न केले नाही. शेजाऱ्याच्या ओझ्याखाली खांदा देण्याची शिकवण देणाऱ्या वडिलांनी आपले ओझे या मुलीच्या खांद्यावर किती सहज ठेवले, हा विचार त्यांचे चरित्र वाचताना मनातून जात नाही. सहकारी चळवळीच्या इतिहासांत अमालीला सहसा एखादे वाक्यच मिळते.

पुस्तकामुळे मंडळे ऱ्हाइनच्या दोन्ही काठांवर पसरली. आता नवी अडचण उभी राहिली. एका गावात ठेवी शिल्लक, तर दुसऱ्या गावात कर्जाला पैसा नाही. म्हणून १८७२ मध्ये नॉयवीड येथे प्रांतिक शेतकी बँक स्थापन झाली, जिच्यात गावोगावची मंडळे सभासद होती; १८७४ मध्ये त्यावर एक मध्यवर्ती बँकही आली. शुल्झे-डेलिच यांनी कडाडून विरोध केला. ठेवी कधीही परत मागितल्या जाऊ शकतात आणि कर्जे वर्षानुवर्षे अडकलेली, हा मेळ बसणार नाही, हा त्यांचा एक आक्षेप. सहकारी संस्थाच सभासद असलेली सहकारी संस्था कायद्यात बसत नाही, हा दुसरा. पहिला आक्षेप बँकिंगच्या दृष्टीने आजही अगदी योग्य आहे. रायफायझेन यांचे उत्तर एवढेच, की शेतकऱ्याचे वर्ष कारागिराच्या आठवड्यासारखे नसते. सरकारने नेमलेल्या चौकशी समितीने गावोगावची मंडळे उपयुक्त असल्याचा निर्वाळा दिला, पण कायद्याच्या मुद्द्यावर रायफायझेन हरले. १८७६ मध्ये वरच्या बँका गुंडाळाव्या लागल्या आणि त्यांच्या जागी भागधारक कंपनीच्या स्वरूपात मध्यवर्ती कर्जसंस्था काढावी लागली. ज्यांना लाभांशाचा तिटकारा, त्यांनाच कंपनी स्थापन करावी लागली. पुढच्या वर्षी मंडळांचा संघही स्थापन झाला.

एक काळी बाजू झाकून ठेवणे बरे नाही. जनावरांच्या आणि सावकारीच्या धंद्यात त्या भागात ज्यू व्यापारी बरेच होते. जमीनजुमला आणि बहुतेक प्रतिष्ठित धंदे पिढ्यानपिढ्या त्यांना बंद होते, हे त्याचे कारण. रायफायझेन यांच्या उत्तरायुष्यातील लेखनात या समाजाविषयी सरसकट दूषणे आढळतात. काही व्यापाऱ्यांच्या अपराधाचा भार त्यांनी सगळ्या समाजावर टाकला. ज्या अध्यायात परक्याला घरात घेण्याची कसोटी सांगितली आहे, तोच अध्याय त्यांना मुखोद्गत होता. जर्मनीत त्यांच्या द्विशताब्दीच्या निमित्ताने, २०१८ मध्ये, या प्रश्नाची चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती.

शेवटच्या वर्षांत त्यांना जवळजवळ दिसत नव्हते. तरी प्रवास, सभा आणि नव्या मंडळांना सल्ला देणे थांबले नाही. ११ मार्च १८८८ रोजी हेडेसडॉर्फ येथे त्यांचे निधन झाले. सत्तर पूर्ण व्हायला एकोणीस दिवस उरले होते.

नाव मात्र पसरत गेले. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, जर्मनी येथील बँकांच्या पाट्यांवर ते आजही आहे. नेदरलँड्समधील राबोबँक भारतातील शेती-उद्योगाला परिचित आहे. तिच्या नावातील पहिली दोन अक्षरे रायफायझेन यांचीच. सहकारी संस्थांमध्ये एकत्र येण्याच्या कल्पनेची आणि प्रथेची युनेस्कोने २०१६ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली, तीही जर्मनीच्या प्रस्तावावरून.

आपल्याकडे ही कल्पना कर्जाच्याच वाटेने आली. १८७५ मध्ये, नॉयवीडला बँकांचा वाद पेटला असताना, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली. दख्खनचे दंगे म्हणून ते ओळखले जातात. सरकारने १८७९ मध्ये शेतकरी साहाय्याचा कायदा केला; कर्जाच्या अटी न्यायालयात तपासता येऊ लागल्या, पण नवे कर्ज कोणी द्यायचे हा प्रश्न राहिला. रायफायझेन यांच्या निधनानंतर वर्षभराच्या आत, फेब्रुवारी १८८९ मध्ये, वडोदऱ्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन झाली. भारतातील पहिली सहकारी पतसंस्था म्हणून तिचा उल्लेख होतो, आणि वडोदऱ्याच्या मराठी समाजाला तिचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण ती शहरी मध्यमवर्गाची. जातकुळी शुल्झे-डेलिच यांच्या संस्थांची.

खेड्याकडे रायफायझेन आले ते मद्रास इलाख्यातून. तेथील सनदी अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी युरोपातील कर्जसंस्थांचा अभ्यास करून १८९५ आणि १८९७ मध्ये दोन खंडांचा अहवाल दिला. शेकडो पानांनंतरचा त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा, की भारताने पैशाच्या आधी रायफायझेनसारखा माणूस शोधावा. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यात ग्रामीण संस्थांसाठी अमर्यादित जबाबदारीचे तत्त्व तसेच उचलले गेले. पुढच्याच वर्षी गदगजवळच्या कणगिनहाळ गावी त्या कायद्याखालील पहिल्या शेतकी संस्थांपैकी एक सिद्धनगौडा पाटील यांनी उभी केली. बेळगाव-धारवाड भागाला ही आठवण आजही जवळची आहे. गोव्यात सहकारी कायद्याची राजवट मुक्तीनंतर, म्हणजे १९६१ च्या पुढे आली.

बी तेच होते, माती वेगळी होती. जर्मनीत गाव आधी सही करीत होते, मग सरकार दखल घेत होते. येथे आधी कायदा आला, निबंधक आले, मग सभासद शोधले गेले. त्यातून एका गावात एक चर्च आणि एक पंगत हे गृहीत धरलेली संस्था जातींच्या वाड्यांत विभागलेल्या गावात रुजायची होती. कोणी कोणासाठी अमर्यादित जामीन राहायचे? १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने दाखवून दिले, की पन्नास वर्षांनंतरही शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के होता. उपाय म्हणून मोठ्या संस्था, सरकारी भागभांडवल आणि मर्यादित जबाबदारी हा मार्ग सुचवला गेला. त्यातून सहकार वाढला, बँका झाल्या, इमारती झाल्या. गाव मात्र संस्थेच्या नकाशातून हळूहळू पुसले गेले.

परवाच एका पतसंस्थेची वसुलीची नोटीस पानात लावली. कर्जदाराच्या नावाखाली बारीक टाइपात दोन जामीनदारांची नावे होती. तिघांचे पत्ते तीन वेगवेगळ्या तालुक्यांतले.